हॉटेल वसूल करायला जाऊ नका

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि तेही भांडायला. ज्यांच्याशी भांडायचं ते निम्मे घरातलेच आहेत. तेव्हा आधीच सांगतो, राग मानू नका. आणि मानलात तरी दिवाळीला फराळाला आमच्याकडेच यायचं आहे.

झालं असं की आमच्या धाकट्या काकांची लेक आणि जावई येत्या जूनमध्ये ग्रीसला निघालेत. सँटोरिनी, नॅक्सोस आणि मग अथेन्स. बातमी फुटल्याबरोबर काकांनी घरच्या ग्रुपवर 'हॉटेलात राहताना' अशी एक यादी टाकली. आत्यानं त्यात दोन कलमं घातली, मेव्हण्यांनी तीन. बघता बघता बावीस कलमं झाली. मासला देतो. फुकट रद्द करता येतील अशी चार हॉटेलं बुक करून ठेवा, शेवटी स्वस्त पडेल ते ठेवून बाकीची उडवा. टॉवेल रोज बदलून मागा. टब असेल तर रोज भरा, पाण्याचं बिल आपल्याला येत नाही. बाहेर जाताना खोलीच्या कार्डाच्या खाचेत लायब्ररीचं जुनं कार्ड खुपसून जा, म्हणजे एसी चालू राहतो आणि परत आल्यावर खोली गार मिळते. नाश्त्याच्या बुफेवरून दुपारचं जेवण डब्यात भरून घ्या. संडासात कागद टाकू नका अशी पाटी असते, तिकडे लक्ष देऊ नका. बुकिंगच्या वर पैसे मागितले तर देऊ नका, लुबाडतात.

आता खरं सांगायचं तर यातली लायब्ररीच्या कार्डाची युक्ती माझीच. काही वर्षांपूर्वी दुबईहून आल्यावर मी ती मोठ्या फुशारकीनं सगळ्यांना सांगितली होती. त्यामुळे मी काही उंचावर बसून बोलत नाहीये.

पहिल्यांदा यादी वाचली तेव्हा मी हसलो. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा लक्षात आलं की बावीस कलमांत त्या बेटांबद्दल एकही शब्द नाही. तिथं पाणी कुठून येतं, वारा कधी सुटतो, हॉटेल चालवतं कोण, काहीच नाही. हीच यादी बँकॉकला चालेल आणि महाबळेश्वरलाही. सगळा भर एकाच शब्दावर आहे, वसूल. पैसे दिलेत ना, मग वसूल करा. माझं म्हणणं असं की ग्रीक बेटावर ही यादी नुसती वाईट दिसते एवढंच नाही, ती उपयोगाचीही नाही. तिनं पैसे वाचत नाहीत, वर त्रास होतो. आणि आपण लातूरकरांनी ती लिहावी, हे तर मला अजिबात कळत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात आम्ही चौघं तिकडे गेलो होतो. मी, ही, चिरंजीव आणि आई. सँटोरिनीला दोन रात्री, नॅक्सोसला चार. नॅक्सोस हे सायक्लाडीज बेटांमधलं सगळ्यात मोठं बेट. बंदरात शिरताना डाव्या हाताला अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा दिसतो, अडीच हजार वर्षं तसाच उभा. बेटावर शेती आहे, गुरं आहेत, चीज आहे, आणि बटाटे तर अख्ख्या ग्रीसमध्ये नावाजलेले. म्हणजे पाणी असलेलं बेट. पण २०२४ च्या उन्हाळ्यात तिथला फानेरोमेनीचा मोठा तलाव कोरडा पडला. बटाट्यांच्या शेतातल्या विहिरींत समुद्राचं पाणी घुसून त्या खारट झाल्या. शेवटी समुद्राचं पाणी गोडं करणारी फिरती यंत्रं आणावी लागली. पाणी असलेल्या बेटाची ही कथा, तर सँटोरिनीचं काय सांगायचं! तिथं एक नदी नाही. पूर्वी घराघरात पावसाचं पाणी साठवायची टाकी असायची, आता समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात. एजियनमधल्या कित्येक छोट्या बेटांना तर वर्षानुवर्षं जहाजानं पाणी जायचं. टँकरच, फक्त तरंगणारा.

हे वाचून काही आठवतंय का? एप्रिल २०१६. मांजरा धरण आटलेलं. पाणी भरण्याच्या जागी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून आपल्या गावात जमावबंदी लावलेली. आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. काका, तुम्ही रात्री दीड वाजता टँकरच्या रांगेत कळशा लावून उभे होतात आणि मला फोन करून म्हणाला होतात, 'पुण्यात शॉवर घेताना आमची आठवण काढ.' मी काढली होती. मग तुमच्या यादीत 'टब रोज भरा' हे नववं कलम कसं आलं? त्या बेटावरचं पाणी दुसऱ्याचं आहे म्हणून?

आता तुमचा मुद्दा मला पाठ आहे. 'एका जोडप्याच्या दोन बादल्यांनी काय होतंय? मोठमोठ्या रिसॉर्टांचे तलाव भरतायत, त्यांना सांग.' मुद्दा खरा आहे. खासगी तलावाच्या खोल्या बांधत सुटलेली हॉटेलं जास्त दोषी आहेत, यात वादच नाही. पण ते तलाव कोणासाठी बांधले जातात? खोलीत टब हवा, गच्चीवर पाणी हवं, फोटोत निळं दिसलं पाहिजे, असं म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी. आपण टबाची खोली मागतो, तेव्हा आपण त्याच रांगेत उभे असतो. तेव्हा पहिली सूचना ही, टब नसलेली खोली घ्या. स्वस्त पडते आणि काही बिघडत नाही, समुद्र दहा पावलांवर असतो.

आमचं नॅक्सोसचं हॉटेल बारा-चौदा खोल्यांचं, दोन तारांकित. मालकीणबाई साठीच्या, मुलगा हिशेब बघायचा, सून नाश्ता करायची. गरम पाण्याला छपरावर सोलर. नळ सोडला की गरम यायच्या आधी बरंच गार पाणी वाहून जायचं. मी ते खुशाल वाहू दिलं. आई आत गेली आणि लगेच बाहेर आली. म्हणाली, 'बादली नाही का रे इथं?' खोलीत कसली बादली असणार? आई खाली गेली आणि हातवारे करून मालकीणबाईंकडून फरशी पुसायची निळी बादली घेऊन आली. ते गार पाणी ती रोज बादलीत धरायची आणि संध्याकाळी जिन्यावरच्या कुंड्यांना घालायची. चौथ्या दिवशी निघताना मालकीणबाईंनी आईच्या हातात अंजिरांची पिशवी ठेवली आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या. आईला ग्रीक येत नाही, त्यांना मराठी नाही. मुलानं इंग्रजीत सांगितलं ते एवढंच, आदल्या वर्षी तिनं स्वतः या कुंड्या सुकू दिल्या होत्या. पाणी घालायची लाज वाटायची म्हणे.

मला त्या दिवशी टॉवेल रोज बदलून मागितल्याची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी मागितला होता मी.

असो. आता बाकीच्या कलमांकडे वळू, कारण नुसतं पाणी पाणी करून लेक-जावयांचं काम भागायचं नाही.

संडासातला कागद. ती पाटी गंमत म्हणून लावलेली नसते. तिकडच्या सांडपाण्याच्या नळ्या अरुंद असतात, आणि बेटांवर बऱ्याच ठिकाणी मैला शोषखड्ड्यात जातो. कागद टाकलात की तुंबतं, आणि तुंबलं की तुमच्याच खोलीत वर येतं. शेजारी झाकणाची कुंडी ठेवलेली असते, तीत टाकायचा. ती रोज रिकामी करतात. आपल्याला तर हे सोपं आहे, आपलं मुख्य काम पाण्यानंच होतं. तिथं फवारा बहुधा नसतो, म्हणून एक प्लॅस्टिकचा मग किंवा रिकामी बाटली सामानात टाका. लाजायचं कारण नाही.

एसीचं कार्ड. माझी युक्ती मीच मागे घेतो. बाल्कनीचं दार उघडलं की एसी आपोआप बंद पडेल अशी सोयही काही हॉटेलांत असते, तिथं कार्ड खुपसून काही उपयोग होत नाही. बाहेर जाताना लाकडी झडपा लावून घ्या. ऊन आत येत नाही आणि खोली गार राहते. त्या झडपा त्यासाठीच आहेत, फोटोसाठी नाहीत.

वरचे पैसे. हे लुबाडणं नाही, कायदा आहे. २०२४ पासून ग्रीसनं हवामान बदलाच्या संकटाला तोंड देण्यासाठी म्हणून मुक्कामावर कर बसवला. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तो एका खोलीला एका रात्रीसाठी असा आहे: एक-दोन तारांकित २ युरो, तीन तारांकित ५, चार तारांकित १०, पंचतारांकित १५. डोई नाही, खोलीमागे. बहुधा हॉटेलातच वेगळा भरायचा असतो, म्हणून बुकिंगच्या रकमेत दिसत नाही. बुक करतानाच रात्री गुणिले कर असा हिशेब करा, म्हणजे काउंटरवर आवाज चढवायची वेळ येणार नाही. आमच्यासमोर एका कुटुंबानं चढवला होता. आपलेच होते, बोलण्यावरून नागपूरकडचे वाटले. काउंटरवरची मुलगी मुकाट्यानं पावती पुढे करत होती. मी ओळख न दाखवता बाजूनं निघून गेलो, हेही सांगून टाकतो.

चार हॉटेलांचं बुकिंग. व्हिसाच्या कागदांत मुक्कामाचं बुकिंग दाखवावं लागतं, त्यामुळे रद्द करता येईल असं घ्यावं, हे अगदी बरोबर. पण एक घ्या. चार कशाला? त्या बेटांवर बहुतेक हॉटेलं एप्रिल-मे ते ऑक्टोबर एवढीच उघडी असतात. वर्षाची कमाई त्या सहा महिन्यांत. आपण तीन खोल्या अडवून ठेवायच्या आणि मुक्कामाच्या दोन दिवस आधी सोडून द्यायच्या, म्हणजे त्या रिकाम्या जाणार. मोठ्या साखळीला याचं काही वाटत नसेल, बारा खोल्यांच्या घराला वाटतं. बेत बदलला तर त्याच दिवशी रद्द करा. आणि एक पत्र टाका, आम्ही अमुक जहाजानं येतोय. कित्येक छोट्या हॉटेलांतून बंदरावर गाडी घेऊन माणूस येतो. हे कोणत्याही यादीत नसतं, विचारलं तरच कळतं.

बुफे. सून पहाटे उठून करायची तो नाश्ता, बारा खोल्यांपुरता. डबा भरून नेलात की साडेनऊला येणाऱ्याला ऑम्लेट मिळत नाही, एवढा साधा हिशेब आहे. पहाटेचं जहाज असेल तर आदल्या रात्री सांगा. आम्हाला उकडलेली अंडी, पाव आणि सफरचंदं कागदी पिशवीत भरून मिळाली, न मागता दोन केळीही. दुपारच्या जेवणासाठी बेकरी शोधा, पालकाचा नाही तर चीजचा पापुद्र्याचा पाय घ्या, पोट भरतं. शाकाहारी मंडळींनी 'निस्तीसिमो' हा शब्द पाठ करावा. म्हणजे त्यांचं उपासाचं. मांस, अंडी, दूध नसलेलं. शिंपले, कोळंबी मात्र उपासाला चालतात त्यांच्या, तेवढं विचारून घ्यावं! आणि खिचडीवाचून जमत नसेल तर सरळ 'स्टुडिओ' नावाची खोली घ्या. तिच्यात शेगडी, फ्रिज, भांडी असतात. साध्या खोलीत टेबलावर इंडक्शन ठेवून फोडणी देऊ नका. आत्या, हे तुमचं कलम आहे, माहीत आहे मला.

दर्शनी खोली. 'कॅल्डेरा दिसणारीच खोली घ्या, नाहीतर सँटोरिनीला गेलात कशाला' हे मेव्हण्यांचं. मेव्हणेबुवा, ती गावं कड्यावर आहेत, फिरा, इमेरोविग्ली, इया. खोली म्हणजे कड्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या. गाडी वरच थांबते. किती पायऱ्या, सामान कोण नेणार, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका, आणि बरोबर गुडघे धरलेलं कोणी असेल तर भरूच नका. आम्ही पलीकडच्या अंगाला कमारीला राहिलो, काळ्या रेतीच्या किनाऱ्यावर. बसनं फिराला जायचं, कड्यावरून चालायचं, सूर्यास्त बघायचा, परत यायचं. तोच सूर्य. त्याला तिकीट नाही.

आणि ज्याच्यासाठी खरं कलम हवं होतं, ते कोणी लिहिलंच नाही: वारा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर उत्तरेचा जोराचा वारा सुटतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. जूनच्या शेवटी शेवटीही त्याची चुणूक मिळू शकते. फार वाढला की बंदराचे अधिकारी जहाजं सोडतच नाहीत. वेगवान कॅटामरान आधी अडतात, मोठी जहाजं नंतर. तेव्हा बेटावरून सकाळी निघून संध्याकाळचं विमान पकडण्याचा बेत करू नका. साध्या मोठ्या जहाजाला नॅक्सोसहून पिरेअसला पाच-साडेपाच तास लागतात. शेवटची रात्र अथेन्सला काढा. या एका रात्रीचे पैसे सगळ्यात सत्कारणी लागतात.

अजून एक. दुपारी तीन ते साडेपाच ही तिकडे उन्हाळ्यात कायद्यानं शांततेची वेळ आहे, आणि रात्री अकरापासून. जिन्यातून व्हिडिओ कॉलवर आजीला समुद्र दाखवायचा तो त्या वेळेत नको. झोपा. आपल्याकडेही झोपतातच की दुपारी.

एवढं लिहिल्यावर कोणी म्हणेल, तुला आता आपल्या माणसांची लाज वाटायला लागली, गोऱ्यांपुढे शहाणपणा दाखवतोयस. तसं नाही. काटकसरीची मला लाज वाटत नाही. काकांनी तीस वर्षं नोकरीत एकेक रुपया जपला, म्हणून आज त्यांची लेक ग्रीसला जाते आहे. बादली मागणारी माझी आई त्या हॉटेलातली सगळ्यात काटकसरी बाई होती. पण तिची काटकसर पाण्याची होती. आपण पैसे दिल्याबरोबर ती काटकसर सोडून देतो आणि उधळायला लागतो, कारण बिल दुसऱ्याचं. त्याला आपण हुशारी म्हणतो. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

ग्रीकमध्ये हॉटेलला 'क्सेनोदोहीओ' म्हणतात. 'क्सेनोस' म्हणजे परका, आणि पाहुण्यालाही पूर्वीपासून तोच शब्द. परक्याला घरात घेण्याची जागा, असा काहीसा अर्थ. आपल्याकडे पाहुणा येतो तेव्हा आपण टँकरच्या दिवसांतही त्याला भरलेला तांब्या पुढे करायचो. पण कोणताही शहाणा पाहुणा उरलेलं पाणी अंगणात फेकायचा नाही. तुळशीला घालायचा.

नवी यादी मी आज रात्री ग्रुपवर टाकणार आहे, सातच कलमांची. काका, त्याआधी तुम्हाला फोन करतो. नववं कलम तुम्ही स्वतःच्या हातानं काढलंत तर बरं वाटेल.